आईस फिशिंगला शेजारच्यापासून किती लांब बसायचं? काही नियम आहे का?

गरवणारा_गुहागरचा

नमस्कार मंडळी. ट्विन सिटीजमध्ये (मिनियापोलिस-सेंट पॉल, मिनेसोटा) असतो. मूळचा गुहागरचा, त्यामुळे गरी घेऊन खडकावर बसायची सवय लहानपणापासूनची, आणि इथे हिवाळ्यात लोक गोठलेल्या तळ्यावर होल मारून मासे काढतात हे बघितल्यावर घरात बसणं काही जमेना. आता ऑगर (बर्फात होल पाडायचं यंत्र) आहे, छोटं फ्लिप-ओव्हर शेल्टर (बर्फावर लावायचा तंबू) आहे, सेकंड हँड फ्लॅशर (खालचे मासे दाखवणारं सोनार) आहे, बायकोच्या मते अक्कल सोडून सगळं आहे.

तर प्रश्न असा. गेल्या शनिवारी मेट्रोतल्याच (शहर परिसरातल्याच) एका तळ्यावर गेलो होतो (नाव सांगत नाही, आधीच गर्दी कमी नाही). दुपारभर होल मारत मारत शेवटी २८ फूट खोल पाण्यात क्रॅपी (इथला एक मासा) सापडले, तळापासून सहा-सात फूट वर तरंगत होते, फ्लॅशरवर मस्त जाड लाल पट्टा. दोन-चार काढले आणि तेवढ्यात एक जण स्लेड ओढत आला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, साधारण १५ फुटांवर उभा राहिला आणि ऑगर सुरू. हाय नाही हॅलो नाही. मग त्याचे दोन मित्र आले, त्यांनी हब (मोठं शेल्टर) उभारला, एकाने स्नोमोबाइल आणून बरोबर माझ्या आणि त्यांच्या मध्ये लावली, आणि अंधार पडेपर्यंत माझ्याभोवती अख्खी वाडी वसली. फ्लॅशरवर त्यांच्या मशीनच्या रेषाच रेषा, मासा कुठला आणि कचरा कुठला काही कळेना. माझा बाइट (मासे लागणं) बंद. त्यांना लागत होते की नाही देव जाणे, हसण्याचे आवाज मात्र येत होते.

मी काही बोललो नाही. एकटा होतो, आणि खरं सांगायचं तर तळ्यावर आपल्यासारखं दिसणारं दुसरं कोणी नसतं त्यामुळे वाद नको वाटतो. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. अंतराचा काही कायदा आहे का? नसेल तर लोक साधारण किती धरतात? असं कोणी आलं तर बोलायचं का, आणि बोलायचं तर नेमकं काय? आणि उलटंपण सांगा, म्हणजे दुसऱ्याला मासे लागतायत आणि मला तिथे जायचंय तर कसं जायचं.

मिलॅक्सवाले_काका

अरे गुहागरकर, स्वागत आहे. हा प्रश्न इथल्या प्रत्येक बेट शॉपमध्ये (आमिषाच्या दुकानात) दर डिसेंबरला निघतो आणि दर वेळी दोन गट पडतात, तेव्हा इथेही पडतील.

आधी कायदा. मिनेसोटात तो एवढाच आहे की कुणाचं शेल्टर उभं असेल तर त्याच्या १० फुटांच्या आत तू तुझं शेल्टर उभं करायचं नाहीस. झालं. उघड्यावर बादलीवर बसून होल मारणाऱ्याला फुटांचा हिशोब कायद्यात नाही. म्हणजे तुझा तो १५ फूटवाला कायद्यात बसतो. पण १० फूट म्हणजे किती, तर तुझ्या शेल्टरचं दार उघडून तू थुंकलास तर त्याच्या भिंतीवर पडेल इतकं, त्यामुळे शहाणा माणूस त्या आकड्याच्या जवळपास जात नाही.

आता रीत. रीतीला एक आकडा नाही, जागा बघून ठरते. अप्पर रेड लेक किंवा लेक ऑफ द वूड्सवर जा, मैलोन् मैल बर्फ आहे, तिथे शंभर यार्डाच्या आत कोणी आला तरी लोक मान वळवून बघतात. मेट्रोत शनिवारी दुपारी, व्हाइट बेअर किंवा वकोनियावर, ३०-४० फूट मिळाले तरी आनंद मानायचा. आणि ब्रेनर्डला गल लेकवर जानेवारीत ती मोठी स्पर्धा होते, होल-इन-द-डे बे वर, तिथे आधीच पाडून ठेवलेली हजारो होल्स असतात आणि लोक खांद्याला खांदा लावून बसतात, कोणाची तक्रार नसते कारण सगळे त्यासाठीच आलेले असतात. तेव्हा आधी बघायचं की इथे बाकीचे एकमेकांपासून किती लांब बसलेत, आणि त्यापेक्षा जवळ आपण जायचं नाही. मी तरी हेच पाळतो.

दुसरं म्हणजे खोली. ८ फूट पाण्यात, काचेसारख्या स्वच्छ बर्फाखाली सनी (सनफिश मासे) बसलेत आणि कोणी २० फुटांवर बूट आपटत आला तर मासे गेलेच समज. तुझ्यासारखं २८ फुटांवर असेल तर ऑगरच्या आवाजाने ते बिचकतात पण बऱ्याचदा थोड्या वेळाने परत येतात. सगळा दोष त्याच्या होलला देऊ नकोस, क्रॅपी संध्याकाळी तसेही हलतात.

आणि बोलायचं का, तर हो, पण वेळ महत्त्वाची. तो स्लेड ओढत येतोय हे तुला दुरून दिसत असतंच ना? तेव्हाच हात वर करायचा, "काय म्हणतो, कसं चाललंय?" असं आपणच आधी बोलायचं. इथली माणसं फार भिडस्त असतात रे. एकदा गप्पा झाल्या की त्याला तुझ्या नाकासमोर होल मारायला जड जातं. तोच म्हणतो की बरं मी तिकडे जाऊन बघतो. होल पडल्यावर मात्र बोलण्यात अर्थ नाही, पडलेलं भोक कोणी उचलून नेत नाही.

अजून एक युक्ती सांगतो. हिवाळ्यात दोन लाइन चालतात आपल्याला. एक हातात धर आणि दुसरी टिप-अपवर (होलवर ठेवायचं साधन, मासा लागला की त्याचा झेंडा वर येतो), ज्या बाजूने लोक येतील असं वाटतं त्या बाजूला ४०-५० फुटांवर लाव. टिप-अप तुझ्यापासून २०० फुटांच्या आत पाहिजे हा नियम आहे, ५० मध्ये काहीच अडचण नाही. नारिंगी झेंडा दिसला की येणाऱ्याला आपोआप कळतं की इथपर्यंत कोणीतरी बसलंय. नॉर्दर्न (नॉर्दर्न पाइक मासा) लागला तर तो बोनस.

मोकळं_पाणी

काका, आदर आहे पण टिप-अपची ही आयडिया म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणं झालं 😄

मी दुसऱ्या गटातला. तळं सगळ्यांचं आहे. सार्वजनिक अ‍ॅक्सेसवरून कोणीही चालत येऊ शकतो आणि कुठेही बसू शकतो, तो पहिला आला म्हणून पन्नास फुटांचा सातबारा त्याच्या नावावर होत नाही. क्रॅपीचा थवा काय एका होलखाली बांधून ठेवलेला असतो का, तो फिरत असतो, आत्ता तुझ्याखाली आहे, दहा मिनिटांनी त्याच्याखाली. मी स्वतः गर्दीत बसून भरपूर मासे काढलेत, चार जिग (आमिषाच्या गऱ्या) खाली नाचत असले की थवा रेंगाळतो असं माझं मत आहे, कोणी मानो न मानो.

आणि हे रन-अँड-गनवाले, एकटा माणूस येतो, वीस-पंचवीस होल्स मारून ठेवतो, मग त्याच्यातल्या एकावर बसतो आणि बाकीच्या चोवीसांकडे कोणी फिरकलं तर डोळे वटारतो. ते कसं चालेल? माझ्या मते ज्या होलमध्ये तुझी लाइन आहे ते तुझं, बाकीची मोकळी. गोठून गेलेली जुनी होल्स तर कोणाचीच नाहीत.

तरी १५ फुटांवर न बोलता ऑगर सुरू करणं हा उद्धटपणाच आहे, त्याला माझा पाठिंबा नाही. फक्त त्याला हाकलायला जाऊ नका. मिनेसोटात दुसऱ्याच्या फिशिंगमध्ये मुद्दाम अडथळा आणणं हा गुन्हा आहे, आरडाओरडा करून, त्याच्या होलजवळ नाचून त्याला घालवायला गेलात तर कायद्याने तुम्हीच अडकाल.

मिलॅक्सवाले_काका

सातबारा 😄 मान्य. पण चोवीस होल्सचं म्हणशील तर तो माणूस वीड लाइनच्या (पाण्यातल्या गवताच्या) कडेने ओळीत होल मारत पुढे चाललेला असेल तर त्याच्या ओळीतलं पुढचं होल घ्यायचं नाही, तो तिकडेच येणार आहे हे दिसत असतं. त्याने सोडून दिलेलं मागचं असेल तर विचारून घे, सहसा "घे की" म्हणतात.

फ्लॅशरवाला

दादा तुमच्या अर्ध्या त्रासाचं कारण ती माणसं नाहीत, ट्रान्सड्यूसर (फ्लॅशरचा पाण्यात आवाज सोडणारा भाग) आहे. त्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

फ्लॅशर खाली आवाजाचा शंकू सोडतो. तुमचा सेकंड हँड आहे म्हणताय म्हणजे बहुतेक १९ किंवा २० डिग्रीचा असेल. २० डिग्रीचा शंकू २८ फुटांवर जाऊन साधारण १० फूट रुंद होतो. ९ डिग्रीचा असेल तर तिथेच साडेचार फुटांच्या आत राहतो. म्हणजे कागदावर बघितलं तर १५ फुटांवरच्या माणसाचा शंकू तुमच्या शंकूला लागायला नको. पण आवाज काही चाकूने कापल्यासारखा शंकूच्या कडेला थांबत नाही, बाहेरही पसरतो, तळावर आपटून उसळतो, आणि दोघांची फ्रिक्वेन्सी एकच असेल तर तुमचं मशीन त्याचा प्रतिध्वनी आपला समजून दाखवतं. त्याच त्या गोल फिरणाऱ्या रेषा. आणि लक्षात ठेवा, तुम्हाला त्याचा कचरा दिसतोय म्हणजे त्यालाही तुमचा दिसतोय, तोही तिकडे वैतागलेला असणार.

उपाय: मशीनवर आयआर (इंटरफिअरन्स रिजेक्शन, म्हणजे दुसऱ्या मशीनचा अडथळा काढणं) असं बटण असेल, व्हेक्सिलर कंपनीच्या मशीनवर असतंच. ते थोडं थोडं दाबत जा, एका सेटिंगला समोरच्याच्या रेषा विरघळतात. त्याआधी गेन (मशीनची संवेदनशीलता) कमी करा, बहुतेक लोक गेन उगाच फुल ठेवतात आणि सगळ्या तळ्याचा आवाज गोळा करतात. एका बाजूने सेटिंग बदललं की पुरतं, दोघांनी एकाच वेळी बटणं दाबत बसलात तर पुन्हा तिथेच याल, म्हणून हाक मारून विचारा "तू बदलतोस का मी बदलू?" यातून ओळखसुद्धा होते. त्याने नाही भागलं तर नॅरो बीम वापरा.

म्हणून माझं सरळ गणित असं की शेजारी जितका खोल बसलाय निदान तितके फूट लांब बसा. ३० फूट पाणी तर ३० फूट अंतर. उथळ पाण्यात हे गणित चालत नाही, तिथे मशीनला त्रास नसतो पण पायाच्या आवाजाचा असतो, म्हणून तिथे उलट जास्त लांब. १० फूट पाणी असेल तर मी ५०-६० च्या आत जात नाही.

बाकी २०१८ ला गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं आणि तेव्हापासून सगळंच बिघडलंय असं माझं स्पष्ट मत आहे. आधी लोक दुर्बिणीने बघायचे कोणाची रॉड वाकतेय, आता १०० फुटांवर बसून तुमच्याखालचा थवा त्यांना स्क्रीनवर दिसतो, तो सरकला की हे उठून त्याच्या पुढ्यात होल मारतात. तुमच्याकडे आलेला तो माणूस तुमच्याकडे बघत नव्हता म्हणता ना, त्याच्या हातात पोल (लाइव्हस्कोप लावायची काठी) होता का आठवा. असेल तर तो खाली थव्याकडे बघत चालला होता, तुम्ही त्याच्या नकाशातच नव्हता.

सिम्कोची_स्वाती

मी टोरोंटोकडची, आमचं तळं म्हणजे लेक सिम्को. इकडे बरेच जण हट ऑपरेटरकडे बुकिंग करून जातात, त्यांची गाडी तुम्हाला नेऊन हटमध्ये सोडते, आत होल्स तयार, हीटर तयार, त्यामुळे कुठे बसायचं हा प्रश्नच नसतो, ऑपरेटर ठरवेल तिथे. या हट्सच्या शेजारी जाऊन आपलं पॉप-अप शेल्टर लावायचं नाही हे इथे सगळे पाळतात, कारण आतल्या माणसाने त्या जागेचे पैसे भरलेले असतात. बर्फ कायद्याने त्याचा नसला तरी बरं दिसत नाही.

गर्दी होते ती कुक्स बे ला, पहिला बर्फ धरला की पर्चसाठी. तिथे लोक बरेच जवळजवळ बसतात आणि मला वाटतं पर्चला त्याचं काही नसतं. लेक ट्राउटला असतं, खोल पाण्यात एकटाच फिरणारा मासा, तिथे लांब लांब बसतात.

ऑन्टारियोत पण दोन लाइन, आणि कुठल्याही लाइनपासून तुम्ही ६० मीटरच्या आत पाहिजे, शिवाय ती नजरेला स्वच्छ दिसली पाहिजे, मध्ये काही आड नको. म्हणजे तुमच्या आणि तुमच्या टिप-अपच्या मध्ये कोणी हब उभारला तर तो नुसता आगाऊपणा नाही, तुमचा नियम मोडायची वेळ त्याने आणली. मी हेच कारण सांगते. "मला माझी लाइन दिसली पाहिजे, जरा तिकडे सरकता का?" कोणी नाही म्हटलेलं नाही. भांडण वाटत नाही त्यात.

एकटी बाई तळ्यावर असली की काही लोक मुद्दाम मदत करायला जवळ येतात तो वेगळाच विषय, त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

कोथरूडचा_वाचक

मी पुण्यात बसून वाचतोय, बर्फ फक्त गोळेवाल्याकडे बघितलाय, त्यामुळे बावळट प्रश्न. एवढं मोठं तळं पूर्ण गोठलंय ना? मग सगळे एकाच जागी का मरायला येतात? आणि एवढी माणसं, गाड्या एका जागी आल्यावर बर्फ तुटत नाही?

मिलॅक्सवाले_काका

बावळट नाही, उत्तम प्रश्न आहे. तळं गोठलं तरी खाली ते सपाट नसतं, कुठे खोलगट भाग, कुठे उंचवटा, कुठे गवताची कड. हिवाळ्यात क्रॅपी त्या खोल खड्ड्यांमध्ये गोळा होतात, बाकी पाऊण तळं रिकामं असतं. आणि त्या जागा आता सगळ्यांच्या फोनवरच्या नकाशात आहेत, त्यामुळे सगळे तिथेच. शिवाय माणूस माणसाकडे जातो, चार शेल्टर दिसली की वाटतं तिथे मासेही असतील आणि बर्फही पक्का असेल.

त्यातलं दुसरं वाटणं धोक्याचं आहे. इथल्या डीएनआरचा (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा) हिशोब असा की चालायला निदान ४ इंच स्वच्छ कडक बर्फ, छोट्या गाडीला ९ ते १०, आणि पांढरा दुधट बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट धरायचं. हे स्वतः ठोकून, भोक पाडून बघायचं, शेजारचा बसलाय म्हणून नाही. आणि अंतराचा खरा जिवावरचा नियम माणसांचा नसून गाड्यांचा आहे: गाड्या एकमेकींपासून ५० फूट तरी लांब लावायच्या आणि दर दोन तासांनी हलवायच्या. बर्फ एकदम तुटत नाही, आधी वजनाने हळूहळू खाली वाकतो. गाडीशेजारी एक होल मारून ठेवायचं, त्यातून पाणी वर येऊन बर्फावर पसरायला लागलं की समजायचं बर्फ बसतोय आणि मुकाट्याने गाडी काढायची. गुहागरकर, तुझ्या शेजारी स्नोमोबाइल लावली त्याचं मला विशेष वाटत नाही, पण कोणी पिकअप आणून २० फुटांवर लावली तर भीडभाड न ठेवता सांगायचं. तिथे मासे गेले खड्ड्यात, प्रश्न पोहायचा येतो.

दोन_पोरांचा_बाप

वरचं सगळं बरोबर पण थोडं आपल्या लोकांबद्दल पण बोलूया का. मंडळाची चार-पाच कुटुंबं एकत्र तळ्यावर जातात, मुलांना दाखवायला म्हणून, छानच आहे, मीही असतो त्यात. पण मग ब्लूटूथ स्पीकर, भेळ, मुलं बर्फावर घसरगुंडी खेळत पन्नास फुटांवरच्या म्हाताऱ्याच्या होलपर्यंत जातात आणि त्याच्या टिप-अपचा झेंडा हाताने उडवून बघतात. मग तो उठून धावत येतो, त्याला वाटतं मासा लागला.

हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, त्यामुळे गप्पा, गाणी माशांना कळत नाहीत म्हटलं तरी चालेल, त्रास माणसांना होतो. माशांना कळतं ते बर्फावरचं आपटणं, खुर्ची ओढणं, धावणं, ते थेट खाली जातं. म्हणून मुलं असली की आम्ही किनाऱ्याजवळच्या एका कोपऱ्यात बसतो, जिथे कोणी नाही अशा जागी, मासे कमी लागले तरी. मुलांना तसंही ब्लूगिल आणि पर्चच पुरतात, हाताएवढा मासा वर आला तरी त्यांचा जल्लोष वॉलाय (इथला मानाचा मासा) काढल्यासारखा असतो.

आणि भेळेचे कागद. मिनेसोटात २०२३ पासून बर्फावर कचरा टाकणं हा वेगळा गुन्हाच केलाय, दंड होतो. एवढं वाचून पण कोणी टाकलं तर मी ओळख दाखवणार नाही.

गरवणारा_गुहागरचा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. फ्लॅशरवाले, आयआर बटण आहे माझ्या मशीनवर, मला ते इन्फ्रारेड वाटलं होतं 🤦 आणि हो, त्याच्या हातात काठीसारखं काहीतरी होतं, मला वाटलं खोली मोजतोय.

दोन उपप्रश्न. एक, शेल्टरची दारं बंद करून लोक आत बसलेले असतात तेव्हा विचारायचं कसं, दार ठोठवायचं? कापडाचं दार कसं ठोठवणार? दुसरं, मागे एका उत्तरेकडच्या तळ्यावर एक लहानशी काळी लाकडी खोली बघितली, खिडकी नाही, चिमणीतून धूर, आणि बाजूला बर्फाचे मोठे चौकोनी ठोकळे उभे करून ठेवलेले. तिथून जाताना आतून कोणीतरी जोरात ओरडलं. मी लांबूनच जात होतो तरी. ते काय प्रकरण होतं?

मिलॅक्सवाले_काका

ते डार्कहाउस. आत माणूस अंधारात बसलेला असतो, समोर करवतीने कापलेलं मोठं चौकोनी भोक, त्यातून तळ हिरवट उजेडात टीव्हीसारखा दिसतो, लाकडी मासा दोरीला बांधून तो खाली फिरवत असतो, आणि नॉर्दर्न बघायला आला की भाला. मिनेसोटात हा जुना प्रकार आहे आणि लोक त्याबद्दल फार हळवे आहेत. तो माणूस तास तास नुसता बघत बसतो, मासा येतो तो अगदी सावकाश, कडेने, आणि डोक्यावर करकर बूट वाजले की वळून जातो. उथळ पाणी असतं ना. शिवाय तू जवळपास होल मारलंस, बर्फ झाडलास, तर खाली उजेड पडतो आणि त्याचा अंधार बिघडतो. म्हणून त्या काळ्या घरांपासून मी शंभर यार्ड तरी लांबून जातो, आणि त्याच्या आसपास होल तर मारतच नाही. ओळखायची खूण तू बघितलीसच, ते ठोकळे. ते भोकातूनच काढलेले असतात. घर हललेलं असेल आणि नुसते ठोकळे किंवा खोचलेली फांदी दिसली तर अजून सावध, खाली माणूस जाईल एवढं भोक आहे आणि वर कदाचित इंचभरच नवा बर्फ.

शेल्टरचं म्हणशील तर ठोठवायचं नाही, पाच-सहा पावलांवर उभं राहून आवाज द्यायचा. साधं "हे, हाउज द बाइट?" आतून तीन प्रकारची उत्तरं येतात. झिप उघडून डोकं बाहेर आलं आणि गप्पा सुरू झाल्या तर विचार, "त्या बाजूला चाळीसेक फुटांवर बसलो तर चालेल ना?" आतूनच "नॉट मच" आलं तर त्याला मासे लागतायत आणि तू नको आहेस, पुढे चालायला लाग. आणि काहीच उत्तर आलं नाही तर झोपलाय, खुशाल बस, पण बाहेर धूर, हीटरचा वास आणि आत सामसूम असेल तर दुसऱ्यांदा हाक मारून बघ. कार्बन मोनॉक्साइडने दर वर्षी कोणी ना कोणी अडचणीत येतो, तेव्हा त्या वेळी शिष्टाचार बाजूला ठेवून झिप उघडलीस तरी चालेल.

मोकळं_पाणी

काका "नॉट मच" चं बरोबर सांगितलंत 😄 माझा अनुभव, बादली झाकून वर पाय ठेवून "नॉट मच" म्हणणाऱ्याच्या आसपास मासे असतातच.

गुहागरकर दादा, येत्या रविवारी मी आणि ऑफिसातला एक जण मेडिसिन लेकला जातोय, दुपारी दोनच्या सुमारास अ‍ॅक्सेसला भेटू. या. चाळीस फुटांवर बसू, तुम्ही फ्लॅशरचं आयआर आधी लावा मग मी माझं लावतो. ऑगरची बॅटरी रात्री घरात ठेवा, गाडीत राहिली तर चार होल्समध्ये संपेल.

गरवणारा_गुहागरचा

येतो. वॅक्सी (आमिषाच्या अळ्या) मी आणतो, मिनो (आमिषाचे छोटे मासे) तुम्ही बघा.